कोंबडीचा कर आणि छोटा ट्रक

८ जून २०२१ रोजी फोर्ड कंपनीने अमेरिकेत एका छोट्या ट्रकची घोषणा केली. नाव मॅव्हरिक. चार दारे, पाच माणसांची जागा, मागे साडेचार फुटांचा उघडा हौदा आणि सर्वांत स्वस्त मॉडेललाच हायब्रिड इंजिन. किंमत १९,९९५ डॉलर, कारखान्यातून दुकानापर्यंत पोहोचवण्याचे १,४९५ डॉलर वेगळे. याच ट्रकचे २०२६ चे सर्वांत स्वस्त मॉडेल २८ हजारांच्या पुढे गेले आणि वाहतूक धरली तर ३० हजारांच्या घरात. ट्रक तोच, इंजिन तेच, हौदा तेवढाच. मधल्या काळात अमेरिकेत महागाई झाली हे खरे, पण ती सगळी धरून हिशेब केला तरी १९,९९५ चे २४ हजारांच्या आसपास होतात. वरचे चार हजार कुठून आले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी साठ वर्षे मागे, पश्चिम जर्मनीतल्या कोंबड्यांपर्यंत गेले. वाचकांनाही तिकडेच घेऊन जाणार आहे.

त्याआधी एक खुलासा. आपल्याकडे ‘पिकअप’ म्हटले की बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गोण्या उतरवणारी, मागे कसले तरी वाक्य रंगवलेली बोलेरो डोळ्यांपुढे येते. ती भाड्याने आणायची गाडी असते. अमेरिकेत पिकअप घरची असते. सुतार, प्लंबर, रंगारी, शेतकरी तिच्यावर पोट भरतात, पण कारकून आणि शिक्षकही हौसेने घेतात. फोर्डची एफ मालिका तिथे १९७७ पासून सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. आणि ‘छोटा’ या शब्दावरही विसंबू नका. मॅव्हरिकची लांबी पाच मीटरहून थोडी जास्त आहे. आमच्या गल्लीत तो वळणार नाही. एफ-१५० चे चार दारांचे नेहमीचे मॉडेल पावणेसहा मीटरच्याही पुढे जाते, त्याच्या शेजारी हा लहान दिसतो इतकेच.

आता कोंबडी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबडीपालनाचा कारखाना झाला. हजारो पक्षी एका छपराखाली, ठरलेले खाद्य, ठरलेले दिवस. कोंबडी इतकी स्वस्त झाली की ती गोठवून युरोपात पाठवूनही परवडू लागली. जर्मन कुटुंबात कोंबडी ही सणासुदीची गोष्ट होती, ती आठवड्याच्या जेवणात आली. तिथले शेतकरी साहजिकच ओरडू लागले. १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने बाहेरून येणाऱ्या कोंबडीवर भारी शुल्क लावले आणि अमेरिकेची निर्यात कोसळली. जर्मन चॅन्सेलर अडेनाउअर आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यात त्या काळात बर्लिनसारख्या ज्वलंत विषयांवर पत्रव्यवहार चालू होता. त्यातला जवळजवळ अर्धा भाग कोंबड्यांनीच खाल्ला, असे अडेनाउअर म्हणाल्याचे सांगतात.

वाद आंतरराष्ट्रीय पंचांपुढे गेला. त्यांनी अमेरिकेचे नुकसान २ कोटी ६० लाख डॉलर ठरवले. हा आकडा लक्षात ठेवा. तेवढ्या रकमेची भरपाई होईल असे शुल्क युरोपच्या मालावर लावायची अमेरिकेला मोकळीक मिळाली. डिसेंबर १९६३ मध्ये, म्हणजे केनेडींच्या हत्येनंतर दोन आठवड्यांच्या आत, नवे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घोषणापत्रावर सही केली. चार वस्तूंवर जादा शुल्क: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, महाग ब्रँडी आणि हलके ट्रक. ट्रकवरचा दर २५ टक्के. अमलात आला जानेवारी १९६४ मध्ये.

(मराठीत याला पूर्वी जकात म्हणत. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना हा शब्द दरवर्षी गोंधळात टाकतो. घरात जी गरिबाला द्यायची, तीच नाक्यावर सरकारला कशी द्यायची, असे ते विचारतात.)

कोंबडीच्या भांडणात ट्रक कसे आले? निशाणा फोक्सवॅगनवर होता. त्यांच्या फुगीर व्हॅनचे आणि त्याच सांगाड्यावरच्या पिकअपचे अमेरिकेत चांगले चालले होते. डेट्रॉइटच्या कामगार संघटनेचे नेते वॉल्टर रॉयथर यांना हे खुपत होते आणि निवडणूक वर्षभरावर आली होती. रॉयथर यांना शांत ठेवण्याचा विचार जॉन्सन यांच्या मनात होता, हे त्यांच्या कार्यालयातल्या ध्वनिमुद्रित संभाषणांवरून पुढे दिसून आले. पुढे स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडी यांच्यावरचे जादा शुल्क उठले. ट्रकवरचे राहिले. त्याला आजही ‘चिकन टॅक्स’ म्हणतात.

शुल्क लावले एकाला आणि बसले सगळ्यांना. हा दर कुठल्याही देशातून येणाऱ्या हलक्या ट्रकला लागू होता. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जपानचे डॅटसन पिकअप अमेरिकेत येऊ लागले होते. हलके, साधे आणि पेट्रोल कमी पिणारे. जर्मनीच्या कोंबडीशी जपानचा काडीचा संबंध नव्हता, पण दंड त्यांनाही पडला. मग सुरू झाली पळवाटांची मालिका, आणि या इतिहासाचा सर्वांत रंगतदार भाग हाच आहे.

पहिली पळवाट अशी, की हौद्याशिवायचा ट्रक हा ट्रकच नव्हे. केबिन आणि सांगाडा एवढेच आणले तर शुल्क ४ टक्के. जपानी कंपन्या हौदा वेगळा ठेवून गाड्या आणू लागल्या. टोयोटाने कॅलिफोर्नियात लाँग बीचला हौदे तयार करण्याची सोयच केली. गाडी बंदरात उतरली की तिच्या पाठीवर हौदा बसवायचा, झाला ट्रक. गंमत म्हणजे ज्यांच्या रक्षणासाठी शुल्क होते त्या अमेरिकन कंपन्याही यात मागे नव्हत्या. १९७२ च्या सुमारास शेवरोलेने ‘लव्ह’ नावाचा पिकअप आणला, तो प्रत्यक्षात जपानच्या इसुझूचा. फोर्डचा ‘कुरियर’ होता माझदाचा. १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाल्यावर या छोट्या गाड्यांना मागणी आणखी वाढली. १९८० मध्ये सीमाशुल्क खात्याने ही वाट बुजवली आणि बिनहौद्याच्या ट्रकलाही २५ टक्के लावले.

सुबारूची युक्ती तर नाटकात शोभावी अशी. त्यांनी ‘ब्रॅट’ या पिकअपच्या उघड्या हौद्यात, मागे तोंड करून, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या. माणसे बसतात म्हणजे ही प्रवासी गाडी, आणि प्रवासी गाडीवर शुल्क नाममात्र. त्या खुर्च्यांवर बसून हमरस्त्याने जायला कुणाची छाती झाली असेल कोण जाणे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातल्या मळ्यावर १९७८ ची अशीच एक ब्रॅट होती.

फोर्डने हाच डाव पुढे स्वतः खेळला. २००९ पासून तुर्कस्तानात बनवलेल्या ट्रान्झिट कनेक्ट या मालवाहू व्हॅन मागची आसने आणि खिडक्या लावून अमेरिकेत येत. बाल्टिमोरच्या बंदराजवळ ती आसने काढून टाकली जात आणि प्रवासी गाडीची पुन्हा मालगाडी होई. सरकारने दावा लावला. तो अनेक वर्षे चालला आणि मार्च २०२४ मध्ये फोर्डने ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन मिटवला. कोंबड्यांचे नुकसान किती होते, २ कोटी ६० लाख. इतक्या वर्षांत डॉलरची किंमत खूप घसरली हे मान्य करूनही ही तुलना मला बोलकी वाटते.

ज्यांना पळवाट नको होती त्यांनी अमेरिकेतच कारखाने काढले. निस्सानने टेनेसी राज्यात स्मर्ना येथे १९८३ मध्ये उत्पादन सुरू केले, तेव्हा तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी पिकअपच होती. फोर्डने रेंजर काढला, शेवरोलेने एस-१०. ऐंशीचे दशक हा छोट्या पिकअपचा बहराचा काळ. एक माणूस, दोन आसने, लांब हौदा, हाताने फिरवायच्या काचा. सेकंड हँड घेऊन मुलगा कामाला लागे.

मग हे ट्रक गेले कुठे? दोष एकट्या चिकन टॅक्सचा नाही. १९७५ च्या कायद्याने अमेरिकेत गाड्यांच्या ॲव्हरेजचे किमान प्रमाण ठरवले. मोटारींना वेगळे आणि ट्रकना सवलतीचे. कंपन्यांच्या लक्षात आले की गाडी ‘ट्रक’ या वर्गात बसवली की नियम सैल होतो. २०११ च्या सुमारास नियमात आणखी एक भर पडली. चाकांमधल्या जागेचे क्षेत्रफळ जितके मोठे तितके ॲव्हरेजचे उद्दिष्ट सौम्य. हेतू वाईट नव्हता. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये एवढाच होता. परिणाम मात्र उलटा. छोट्या ट्रकला कडक उद्दिष्ट आणि मोठ्याला मोकळीक. मोठ्या ट्रकवर नफाही जास्त. मग छोटा करायचा कुणी आणि कशाला? डिसेंबर २०११ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल इथल्या कारखान्यातून शेवटचा छोटा रेंजर बाहेर पडला आणि १९२५ पासून चालू असलेला तो कारखानाच बंद झाला. रेंजर हे नाव २०१९ मध्ये परत आले, पण अंगाने बराच वाढून.

नेमक्या याच काळात आपल्या महिंद्रचेही नाव या गोष्टीत येते. बोलेरो आणि स्कॉर्पिओ बनवणाऱ्या मुंबईच्या या कंपनीने जॉर्जिया राज्यातल्या एका वितरकाशी २००६ मध्ये करार केला. डिझेल पिकअप अमेरिकेत विकायचा होता. चिकन टॅक्स चुकवण्यासाठी सुटे भाग नेऊन तिथे जुळवायचे, अशीही चर्चा होती. शेकडो डीलरनी पैसे भरले. २०१० मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याचे प्रमाणपत्रही मिळाले. ट्रक मात्र कधीच पोहोचला नाही. प्रकरण लवाद आणि कोर्टकचेऱ्यांत गेले. आला असता तर अमेरिकन ग्राहकाने त्याला नावाजले असते की नाही, सांगता येत नाही. पण रिकामी जागा दिसत होती आणि बाहेरच्याला तिथे शिरणे किती अवघड होते, एवढे यातून कळते.

ही रिकामी जागा भरली २०२१ च्या मॅव्हरिकने, आणि तीही मेक्सिकोतून. एर्मोसियो शहरात फोर्डचा कारखाना १९८६ पासून आहे. १९९४ च्या मुक्त व्यापार करारानंतर मेक्सिकोत बनलेल्या ट्रकला हळूहळू चिकन टॅक्समधून सूट मिळाली होती. त्यातच फोर्डने मॅव्हरिक मुळात ट्रकसारखा बांधलाच नाही. एस्केप या मोटारीच्या पायावर उभा केला, म्हणून खर्च कमी. हायब्रिडचे तंत्रही घरात तयार होते. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस आणली आणि फोर्डने २००४ मध्ये एस्केप हायब्रिड. पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद छोट्या बॅटरीत साठते आणि सिग्नल सुटला की तीच गाडीला पुढे ढकलते. प्लग लावायची भानगड नाही. शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात याचा फायदा सर्वांत जास्त. सरकारी चाचणीत मॅव्हरिकने शहरात गॅलनला ४२ मैल दिले, म्हणजे लिटरला सुमारे १८ किलोमीटर. वर ६८० किलो वजन वाहतो.

आणि लोक तुटून पडले. कंपनीलाही याचा अंदाज नसावा. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या वर्षीच्या हायब्रिडच्या ऑर्डर बंद झाल्या, जानेवारीत सगळ्याच. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पुढच्या मॉडेलची नोंदणी उघडली, तर हायब्रिड काही दिवसांत संपले. चिपचा तुटवडा होताच. अनेक डीलर छापील किमतीवर आणखी काही हजार मागू लागले. कंपनीनेही पायऱ्या चढायला सुरुवात केली. २०२४ मध्ये साधे पेट्रोल इंजिन मूळ मॉडेलला गेले आणि हायब्रिडसाठी १,५०० डॉलर जास्त पडू लागले. २०२५ मध्ये हायब्रिड पुन्हा मूळ झाले, पण किंमत २६,२९५. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने आयात गाड्यांवर २५ टक्के शुल्क लावले आणि मे महिन्यात फोर्डने मेक्सिकोत बनणाऱ्या तीन गाड्यांच्या किमती वाढवल्या. त्यात मॅव्हरिक होता. दर तोच, २५ टक्के, निमित्त वेगळे. तरी खप थांबला नाही. २०२४ मध्ये सुमारे १ लाख ३१ हजार मॅव्हरिक विकले गेले.

इथे भाषेचा एक मुद्दा मांडल्यावाचून राहवत नाही. उर्दूत ‘क़ीमत’ आणि ‘क़द्र’ हे दोन वेगळे शब्द आहेत. क़ीमत दुकानदार सांगतो, क़द्र माणूस करतो. मराठीने दोन्ही घेतले, पण ‘किंमत’ या शब्दावर दोन्ही ओझी टाकली. ‘त्याच्या शब्दाला किंमत आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा पैसा मनात नसतो. मॅव्हरिकच्या बाबतीत या दोन अर्थांची सांगड कशी बसली, ते माझ्या मावसभावाकडे पाहून मला समजले. तो शिकागोजवळ राहतो, फरशी बसवण्याची आणि नळदुरुस्तीची कामे करतो. पहिल्याच वर्षी नोंदणी केली म्हणून २०२२ मध्ये त्याला छापील किमतीत हायब्रिड मिळाला. पूर्वीच्या जुन्या मोठ्या ट्रकपेक्षा पेट्रोल जवळजवळ निम्मे लागते, असे तो सांगतो. मी वहीवर गणित केले. वर्षाला १२ हजार मैल धरले, तर गॅलनला २० मैल देणाऱ्या ट्रकला ६०० गॅलन लागतात आणि ३७ देणाऱ्याला ३२५. सव्वातीन डॉलर गॅलन धरला तरी वर्षाला ९०० डॉलर वाचतात. तीन वर्षे चालवून त्याने सहज भाव विचारला, तर घेतले होते त्याच्या आसपासची रक्कम मिळत होती. फोनवर हसत म्हणाला, “आपा, ही गाडी चालवून झिजत नाही, उभी राहून वाढते.”

त्याने ती विकली नाही. विकून घेणार काय? खरी अडचण हीच आहे. ह्युंदाईची सांता क्रूझ आकाराने जवळची, पण ती हायब्रिड नाही. छोटा आणि हायब्रिड असा पिकअप अमेरिकेत या काळात दुसऱ्या कुणी बनवलाच नाही. टोयोटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडमध्ये ‘हायलक्स चॅम्प’ नावाचा अगदी साधा पिकअप आणला, किंमत ४ लाख ५९ हजार बाथ, म्हणजे १३ हजार डॉलरच्या आसपास. तो तिकडे नेऊन विकायचा तर आधी सुरक्षा आणि धूर यांचे नियम पुरे करा, मग चिकन टॅक्स भरा. कुणी त्या फंदात पडत नाही. म्हणून तिथले शेतकरी आणि माळी जपानचे २५ वर्षे जुने छोटे ट्रक मागवतात, कारण तितक्या जुन्या गाडीला सुरक्षेचे नियम लागू नसतात. चिकन टॅक्स मात्र त्यालाही भरावा लागतो. पाव शतक राबून निवृत्त झालेल्या ट्रकवर १९६३ च्या कोंबडीचा दंड!

तेव्हा त्या वरच्या चार हजारांचे उत्तर माझ्या मते असे आहे. काही भाग नव्या शुल्काचा, काही मॉडेलमधल्या सुधारणांचा, आणि मोठा भाग शेजारी दुसरे दुकान नसल्याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी किंमत पहिल्यांदाच ५० हजार डॉलरच्या पुढे गेली. त्या गर्दीत ३० हजारांचा मॅव्हरिक अजूनही स्वस्त म्हणूनच खपतो, म्हणून कंपनीला तो उतरवण्याची घाई नाही. याला मी लूट म्हणणार नाही. रांग लागली आणि दुकान एकच असले, की कोणताही व्यापारी हेच करेल. पण ते दुसरे दुकान का नाही, हे विचारले की बोट जॉन्सन यांच्या सहीकडेच जाते. ज्या कामगारांच्या नावाने ती सही झाली, तेच सुतार आणि नळवाले आज वर्षभराचा पगार जमवून ट्रक घेतात, हे मला खटकते. डेट्रॉइटच्या कामगाराची नोकरी त्या शुल्काने काही काळ तरी टिकली असेल, हेही नाकारत नाही. त्याच्या घरीही कुणीतरी ट्रक घेणारा असेलच.

पुढचे बरेचसे मेक्सिकोवर आहे. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या २०२० च्या नव्या कराराच्या आढाव्याची तारीख त्या करारातच १ जुलै २०२६ अशी लिहिलेली आहे. त्या करारामुळेच एर्मोसियोच्या गाड्यांना नव्या शुल्कातही थोडी सवलत मिळाली, म्हणजे गाडीत जेवढा अमेरिकन माल तेवढ्यावर शुल्क माफ. ती सवलत राहते की जाते, यावर मॅव्हरिकचा पुढचा भाव ठरेल. मावसभाऊ म्हणतो, तोवर टायर बदलून घेतो.